ओळखपत्रावरचे पद आणि नोंदवहीतले नाव

आदरणीय ताई, सादर नमस्कार.

माझे वय २३ असून आम्ही इंदूरच्या लोकमान्य नगरात राहतो. बारावीला जीवशास्त्र घेऊन मला ६१ टक्के मिळाले होते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि कॉलेज सुटले. गेली तीन वर्षे मी गीता भवन चौकाजवळ एका अस्थिरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात काम करते. आम्ही तिथे सहा जण आहोत. माझ्या ओळखपत्रावर ‘मेडिकल असिस्टंट’ असे पद लिहिले आहे. केसपेपर काढणे, बीपी घेणे, ड्रेसिंग, प्लास्टरला मदत ही रोजची कामे; गर्दी असली की इंजेक्शन देते आणि एक्स-रेही काढते. पगार ११,००० रुपये, रोख मिळतो. आई डबे करून देते. धाकटा भाऊ पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे. भंवरकुआंच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये ‘डिप्लोमा इन मेडिकल असिस्टंट’ हा एक वर्षाचा कोर्स आहे. फी ६५,००० रुपये, शनिवार-रविवारची बॅच आणि नोकरीची हमी. न्यू जर्सीला राहणारी माझी मावसबहीण म्हणते की तिकडे मेडिकल असिस्टंटला वर्षाला चव्वेचाळीस हजार डॉलर मिळतात, तेव्हा कोर्स करून टाक. डॉक्टरसाहेब म्हणतात की कोर्स केलास तर हजार रुपये वाढवीन. आईने बांगड्या मोडायची तयारी केली आहे. काय करू?

— एक वाचक

*

तुझे पत्र मी दोनदा वाचले. आईच्या बांगड्यांचा प्रश्न असल्यामुळे उत्तर आधी देते आणि कारणे नंतर सांगते. ते ६५,००० रुपये भरू नकोस. तुला शिकायचे अवश्य आहे, परंतु हा अभ्यासक्रम नव्हे. आणि शिकायला जाण्यापूर्वी नोकरी बदलणे तुझ्या घराच्या आजच्या परिस्थितीत अधिक निकडीचे आहे.

मी बत्तीस वर्षे इंदूरमधल्या रुग्णालयांच्या आस्थापना विभागात काम केले. पगारपत्रके तयार करणे, नव्या माणसांची कागदपत्रे तपासणे आणि वेतनवाढीचे प्रस्ताव वर पाठवणे हेच माझे काम होते. एका रुग्णालयात वॉर्डात अठरा वर्षे काम केलेल्या एक बाई होत्या. नव्याने रुजू होणाऱ्या नर्सेसना सलाईन कसे लावायचे, बेशुद्ध रुग्णाला कुशीवर कसे वळवायचे हे त्याच शिकवीत असत. तरीही नवी मुलगी पहिल्याच महिन्यात त्यांच्यापेक्षा अधिक पगार घेऊन जात असे, कारण तिचे नाव नर्सेस परिषदेच्या नोंदवहीत होते आणि बाईंचे नव्हते. मी दोन वेळा त्यांच्या वाढीचा प्रस्ताव पाठवला आणि दोन्ही वेळा ‘पद अकुशल वर्गातील’ असा शेरा मारून तो परत आला. त्या बाईंचे हात मी पाहिले होते, म्हणून तो शेरा मला आजही बोचतो. तुझ्या पत्रातला प्रश्न वरकरणी एका कोर्सच्या फीचा असला तरी मुळात तो याच शेऱ्याचा प्रश्न आहे.

आपल्याकडे ‘मेडिकल असिस्टंट’ नावाचा, कायद्याने ओळखलेला असा कोणताही व्यवसाय नाही. ते मालकाने ओळखपत्रावर छापलेले पद आहे. उद्या तू दुसऱ्या दवाखान्यात गेलीस की तिथे तेच काम करणारीला ‘फ्लोअर असिस्टंट’ म्हणतील, तिसरीकडे ‘सिस्टर’ म्हणतील, आणि रुग्णांचे नातेवाईक तर कंपाउंडरीणबाईच म्हणतील. हा कंपाउंडर शब्द तुझ्या आजोबांच्या पिढीत फार मानाचा होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून मिश्रण तयार करून, बाटलीला कागदाची खाचांची पट्टी चिकटवून देणारा तो माणूस गल्लीत अर्धा डॉक्टर समजला जाई. पुढे १९४८ चा फार्मसी कायदा आला. पदविका नसलेल्या, परंतु दवाखान्यात किंवा इस्पितळात औषधे तयार करून देण्याचे काम किमान पाच वर्षे केलेल्या लोकांनाही त्या कायद्याखालच्या पहिल्या नोंदवहीत नाव घालण्याची संधी होती. ज्यांनी ती घेतली ते फार्मासिस्ट झाले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध तयार करून देण्याचा अधिकार कायद्याने नोंदणीकृत फार्मासिस्टकडे गेला आणि त्याबरोबर पगारही गेला. जे ‘आपल्याला कामाशी काम’ म्हणून राहिले ते कंपाउंडरच राहिले, आणि त्यांच्या हातून मिश्रणाची बाटली सुटल्यावर केसपेपर काढणे तेवढे उरले. काम दोघांनाही सारखेच येत होते. नोंदवहीत नाव असण्यानसण्याने पुढच्या तीस वर्षांचा पगार ठरला.

आता तुझ्या मावसबहिणीने सांगितलेल्या आकड्याकडे येते. तो आकडा खरा आहे. अमेरिकी सरकारच्या मे २०२४ च्या आकडेवारीनुसार तिथल्या मेडिकल असिस्टंटचे मध्यम वार्षिक वेतन ४४,२०० डॉलर होते. परंतु त्याच आकडेवारीतल्या आणखी तीन ओळी तिने तुला सांगितल्या नाहीत. परवानाधारक प्रॅक्टिकल नर्सचे मध्यम वेतन ६२,३४० डॉलर, नोंदणीकृत नर्सचे ९३,६०० डॉलर आणि फिजिशियन असिस्टंटचे १,३३,२६० डॉलर होते. मेडिकल असिस्टंट आणि फिजिशियन असिस्टंट हे शब्द कानाला जुळ्या बहिणींसारखे वाटतात, पण त्यांच्या वेतनात तिपटीचे अंतर आहे. बहुतेक अमेरिकी राज्यांत मेडिकल असिस्टंटला परवाना लागत नाही, फिजिशियन असिस्टंटला मात्र पदव्युत्तर शिक्षण आणि परवाना दोन्ही लागतात. म्हणजे ज्या देशाचे उदाहरण तुला दिले गेले, तिथेही पगार नोंदणीच्या पायरीनेच चढतो. शिवाय अमेरिकेत पगार डॉलरमध्ये मिळतो तसे भाडेही डॉलरमध्येच द्यावे लागते, हे बहिणीला ठाऊक असेलच. आणि मेडिकल असिस्टंटच्या कामासाठी इथून तिकडे जाण्याची वाट जवळजवळ नाहीच, कारण एच-वन-बी व्हिसासाठी किमान विशिष्ट विषयातली पदवी लागणारे काम असावे लागते. नर्सची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेच्या स्थलांतर नियमांत नर्सचे काम मनुष्यबळाची टंचाई असलेल्या कामांच्या यादीत आहे आणि एनसीएलईएक्स ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या भारतीय नर्सेस तिकडे जात असतात. तेव्हा न्यू जर्सी मनात असेलच तर तिचा रस्ताही भंवरकुआंवरून जात नाही.

त्या एक वर्षाच्या डिप्लोमाबद्दल सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी. २०२१ मध्ये संसदेने सहायक आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. प्रयोगशाळा, शस्त्रक्रियागृह व भूल, क्ष-किरण, फिजिओथेरपी, नेत्रविज्ञान, आहारशास्त्र, वैद्यकीय नोंदी यांसारखे व्यवसाय त्याने दहा वर्गांत बसवले. या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे सहायक आरोग्य व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी पदविका किंवा पदवीचे शिक्षण किमान २,००० तासांचे आणि दोन ते चार वर्षांत पसरलेले असले पाहिजे. शनिवार-रविवारची बॅच रोज सहा तास चालली तरी वर्षाच्या बावन्न आठवड्यांत ६२४ तास भरतात. त्या संस्थेचे शिक्षक कितीही चांगले असोत, हे तास कायद्याच्या किमान मर्यादेच्या एक तृतीयांशही होत नाहीत. तो कागद घेऊन तुझे नाव कोणत्याही नोंदवहीत चढणार नाही. नोकरीची हमी म्हणजे काय तेही विचारून पाहा. बहुतेक वेळा ती आज तू करतेस तशाच नोकरीची, तेवढ्याच पगाराची हमी असते. डॉक्टरसाहेबांनी देऊ केलेल्या हजार रुपयांनी ती फी फिटायला पासष्ट महिने, म्हणजे जवळजवळ साडेपाच वर्षे लागतील, आणि पासष्टाव्या महिन्यात तू पुन्हा आजच्याच जागी उभी असशील.

मग काय शिकावे? तुझ्यासारखे गुण आणि तुझ्यासारखा तीन वर्षांचा सराव असलेल्या मुलीला मी पहिल्यांदा नर्सिंगचेच नाव सुचवीन, आणि ते केवळ सवयीने सुचवीत नाही. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे असून त्याला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्रात ४५ टक्के लागतात. त्या तीन विषयांचे तुझे गुण गुणपत्रिकेवरून वेगळे मोजून पाहा. जी.एन.एम. ही नर्सिंगची पदविका तीन वर्षांची आहे आणि तिला वयाची मर्यादा ३५ आहे, म्हणून ‘आता उशीर झाला’ असे कोणी म्हटले तर ते मनावर घेऊ नकोस. शासकीय बी.एस्सी. नर्सिंगच्या जागा राज्याच्या पी.एन.एस.टी. या प्रवेश परीक्षेतून भरतात, आणि एम.जी.एम. वैद्यकीय महाविद्यालयाचे शासकीय नर्सिंग महाविद्यालय आपल्या गावातच आहे. पहिला प्रयत्न त्यासाठी कर, जी.एन.एम. मागे राखीव ठेव.

पगाराच्या बाजूने पाहिले तर नर्सिंग ही या क्षेत्रातली अशी वाट आहे जिच्या पायऱ्या कागदावर लिहिलेल्या आहेत. मध्य प्रदेश शासनाच्या नर्सिंग ऑफिसरची वेतनश्रेणी २८,७०० पासून ९१,३०० रुपयांपर्यंत आहे आणि त्यावर महागाई भत्ता असतो. ही भरती कर्मचारी चयन मंडळाच्या समूह-५ परीक्षेतून होते. मात्र २०१९ च्या डिसेंबरमध्ये राज्याने नव्या नेमणुकांसाठी पहिल्या तीन वर्षांत मूळ वेतनाचे अनुक्रमे ७०, ८० आणि ९० टक्के देण्याचा नियम केला होता, तेव्हा तुझी वेळ येईल त्या जाहिरातीत हा मजकूर कसा आहे ते बारकाईने वाच. भोपाळच्या एम्ससह सर्व एम्स संस्थांची भरती नॉरसेट या परीक्षेतून होते आणि तिथे सुरुवातीचे मूळ वेतन ४४,९०० रुपये आहे. बी.एस्सी. झालेल्या मुलीला ती परीक्षा थेट देता येते, तर जी.एन.एम. झालेल्या मुलीला किमान ५० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव लागतो. बी.एस्सी. आणि जी.एन.एम. यांमधला एका वर्षाचा फरक इथे भरून निघतो, म्हणून मी पहिल्याचा आग्रह धरते.

खासगी रुग्णालयांचे चित्र इतके स्वच्छ नाही आणि ते तुझ्यापासून लपवणे योग्य होणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने अशी शिफारस केली होती की २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने नर्सला शासकीय नर्सइतके वेतन द्यावे, १०० ते २०० खाटांच्या रुग्णालयात ते फार तर १० टक्क्यांनी आणि ५० ते १०० खाटांच्या रुग्णालयात फार तर २५ टक्क्यांनी कमी असावे, आणि पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी २०,००० रुपयांच्या खाली जाऊ नये. ही शिफारस अमलात आणण्याचे काम राज्यांवर सोडले गेले आणि ते बहुतांशी तसेच पडून राहिले. विजयनगरपासून पलासियापर्यंतच्या अनेक नर्सिंग होममध्ये आजही नव्या नर्सला वीस हजार मिळत नाहीत. तरीही नोंदणी असलेल्या मुलीकडे एक गोष्ट असते जी तुझ्याकडे आज नाही: एका जागी मान राखला गेला नाही तर तिला दुसऱ्या जागी, दुसऱ्या राज्यात, शासकीय सेवेत किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात सामुदायिक आरोग्य अधिकारी म्हणून जाता येते.

इतर वाटा थोडक्यात सांगते. तुला प्लास्टरचे आणि अस्थिरोगाचे काम आवडत असेल, तर शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञाची किंवा क्ष-किरण तंत्रज्ञाची पदविका तुझ्या सरावाशी जुळेल. डी.एम.एल.टी. ही प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका दोन वर्षांची आहे आणि प्रयोगशाळांत काम मिळते, परंतु ‘कोर्स करा आणि स्वतःची पॅथॉलॉजी उघडा’ अशा जाहिरातीला भुलू नकोस, कारण तपासणीच्या अहवालावर पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. डी.फार्म. ही फार्मासिस्टची पदविका दोन वर्षांची असून त्यानंतर ५०० तासांचे प्रशिक्षण असते. दवा बाजारासारखी औषधांची बाजारपेठ असलेल्या आपल्या गावात त्या नोंदणीला किंमत आहे. फिजिशियन असिस्टंट किंवा असोसिएट हा अभ्यासक्रम आपल्या देशात १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केला आणि २०२१ च्या कायद्याच्या यादीत त्याला जागाही मिळाली आहे. पण त्याच्या नोकऱ्या मुख्यतः मोठ्या शहरांतल्या हृदयरोग आणि शस्त्रक्रिया विभागांत आहेत. घर सोडता येत नसलेल्या मुलीला मी तो आत्ता सुचवणार नाही.

एक वाट अशीही आहे की जिला परिषदेची नोंदणी लागत नाही: मेडिकल कोडिंग. अमेरिकेतल्या रुग्णांच्या केसपेपरांवरून आजारांना आणि उपचारांना आयसीडी-१० सारख्या पद्धतीतले सांकेतिक क्रमांक देण्याचे हे काम भारतातल्या अनेक शहरांत बसून होते, आणि त्यात सी.पी.सी. या प्रमाणपत्र परीक्षेला मान आहे. तुझे जीवशास्त्र आणि केसपेपर वाचण्याची सवय तिथे उपयोगी पडेल. परंतु इंग्रजी चांगले लागते, पदवी पूर्ण असलेल्यांना प्राधान्य मिळते, आणि संगणकप्रणाली या कामाचा मोठा हिस्सा झपाट्याने स्वतःकडे घेत आहेत. बाबांच्या प्रकृतीमुळे दिवसभराचे कॉलेज अगदीच अशक्य झाले तरच, अपुरी बी.एस्सी. पूर्ण करून, या वाटेचा विचार कर.

महाविद्यालय निवडताना मात्र आपल्या राज्यात अतिशय सावध राहावे लागते. मध्य प्रदेशातल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने ३०८ महाविद्यालयांची तपासणी केली. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या अहवालात त्यांतली ६६ अपात्र ठरली, ७३ मध्ये त्रुटी निघाल्या, आणि मे महिन्यात तर तपास करणारे काही अधिकारीच लाच घेताना पकडले गेल्यामुळे उरलेल्यांचीही फेरतपासणी करावी लागली. कागदावर रुग्णालय, प्रत्यक्षात रिकामी खोली, अशी ती कहाणी होती. यात ज्यांचा दोष नव्हता त्या विद्यार्थिनींच्या परीक्षा वर्षानुवर्षे लांबल्या. तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी त्याच शैक्षणिक वर्षाची मान्यता पाहा. गेल्या वर्षीचे फ्रेममध्ये लावलेले पत्र पुरेसे नाही. नर्सिंगसाठी भारतीय परिचर्या परिषद आणि भोपाळची नर्सेस नोंदणी परिषद, आणि तंत्रज्ञांच्या पदविकांसाठी भोपाळची सह-चिकित्सीय परिषद यांच्या याद्यांत महाविद्यालयाचे नाव स्वतः शोध. त्यानंतर त्या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी प्रत्यक्ष सरावासाठी कोणत्या रुग्णालयात जातात ते विचार आणि सकाळी आठ वाजता त्या रुग्णालयाच्या दारात उभी राहून त्या खरोखर येतात का ते बघ. घरबसल्या पदविका देतो असे कोणी म्हटले तर संभाषण तिथेच थांबव. २०२१ च्या त्या कायद्याखालचे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या सत्रापासून मनाई केली आहे.

आता आजच्या नोकरीविषयी, कारण तिथे तुझे रोज नुकसान होत आहे. मध्य प्रदेशात १ एप्रिल २०२४ पासून सुधारलेले किमान वेतन अकुशल कामगारासाठी दरमहा ११,८००, अर्धकुशलासाठी १२,७९६ आणि कुशलासाठी १४,५१९ रुपये ठरले होते; ते काही काळ न्यायालयाच्या स्थगितीत अडकले आणि स्थगिती उठल्यावर पुन्हा लागू झाले. त्यावर महागाई भत्त्याची भर पडत जाते. म्हणजे तीन वर्षे रुग्णांच्या जखमा बांधणाऱ्या तुझा पगार झाडलोट करणाऱ्या माणसाच्या किमान वेतनाहूनही कमी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या असून प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे आणि किमान वेतन पाळणे मालकावर बंधनकारक आहे. हे डॉक्टरसाहेबांशी भांडण्यासाठी सांगत नाही. कदाचित त्यांनाही दर ठाऊक नसतील. लहान दवाखान्यांत तो हिशेब फारसे कोणी पाहत नाही. पण तू मात्र आता पाहायला हवा.

त्याहूनही मला चिंता वाटते ती एक्स-रेची. क्ष-किरण यंत्र चालवणारी व्यक्ती प्रशिक्षित असावी आणि तिच्या अंगावर किरणोत्सर्गाची मात्रा मोजणारा टी.एल.डी. बॅज असावा, असा अणुऊर्जा नियामक मंडळाचा दंडक आहे. प्रशिक्षित कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. तुझ्याकडे बॅज नसेल तर तुला किती किरण लागले हे कोणालाच सांगता येणार नाही. उद्यापासून एक्स-रेला नम्रपणे नकार दे. इंजेक्शनचेही तेच. रुग्णाला काही झाले तर ‘मला सांगितले होते’ हे उत्तर तुझे रक्षण करणार नाही. हिपॅटायटिस-बी ची लस घेतली नसशील तर या आठवड्यात पहिली मात्रा घे. दुसरी एका महिन्याने आणि तिसरी सहा महिन्यांनी असते. जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्यांना ही लस देणे २०१६ च्या नियमांनी मालकाचे कर्तव्य ठरवले आहे, आणि वापरलेल्या ड्रेसिंगची पिवळी पिशवी तूच बांधत असणार. वापरलेली सुई टोचलीच तर हात साबण-पाण्याने धुऊन शक्य तितक्या लवकर, दोन तासांच्या आत, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत एमवायला, म्हणजे शासकीय एम. वाय. रुग्णालयात, जाऊन एचआयव्ही प्रतिबंधक औषधाविषयी विचार.

नोकरी बदलण्याचा हिशेब असा मांड. समज, वीसपेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या एखाद्या रुग्णालयात तुला ‘पेशंट केअर असिस्टंट’ म्हणून १३,००० रुपयांवर घेतले. सगळे वेतन भविष्य निर्वाह निधीसाठी धरले तर १२ टक्के, म्हणजे १,५६० रुपये, आणि कर्मचारी राज्य विम्याचे पाऊण टक्का, म्हणजे ९८ रुपये कापले जातील आणि हातात ११,३४२ रुपये येतील. आई म्हणेल की एवढ्या धावपळीने साडेतीनशे रुपयेच वाढले. पण तुझे १,५६० रुपये तुझ्याच खात्यात जमा होत असतात आणि तेवढीच रक्कम मालकही भरत असतो. शिवाय २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कर्मचाऱ्याला राज्य विम्याचे कार्ड मिळते आणि त्यात कर्मचाऱ्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांच्या उपचाराचाही समावेश असतो. बाबांची औषधे आणि तपासण्या नंदानगरच्या विमा रुग्णालयातून होऊ लागल्या तर महिन्याला किती वाचतील, ते तू माझ्यापेक्षा चांगले सांगू शकशील. तुझ्या सध्याच्या दवाखान्यात सहाच माणसे आहेत आणि विम्याला दहा, निधीला वीस माणसांची अट आहे, म्हणून तिथे राहून हे मिळणार नाही. मुलाखतीला जाशील तेव्हा पगाराचा आकडा विचारण्याआधी निधी आहे का आणि विमा आहे का, हे दोन प्रश्न विचार.

रुग्णालयात काम करण्याचा आणखी एक लाभ आहे. दवाखान्यात तू एकच डॉक्टर आणि एकच प्रकारचे रुग्ण पाहिलेस. वॉर्डात वर्षभर राहिलीस की नर्सिंग आपल्याला झेपेल का, रात्रपाळी सोसेल का, हे चार वर्षे आणि फी पणाला लावण्यापूर्वीच कळेल. भाऊ पुढच्या वर्षी कमावता होईल. तोपर्यंत वॉर्डातली नोकरी, विम्याचे कार्ड आणि रोज दोन तास भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राची उजळणी, आणि भाऊ कमावू लागला की प्रवेश परीक्षा, असा क्रम मला तुझ्या घराला परवडणारा दिसतो. तू शिकायला गेलीस की विम्याचे कार्ड संपेल हे आधीच लक्षात ठेव. भावाला नोकरी लागताना त्याच्या नावावर विमा आणि बाबांचे अवलंबित म्हणून नाव येते का, हे तू स्वतः पाहायला हवेस. भावाशी हे आजच बोलून ठेव. घरची कमावती बहीण शिकायला जाणार आहे हे त्याला शेवटच्या महिन्यात कळले, तर तोही अडचणीत येईल आणि तूही.

मध्येच कोणी परदेशात रुग्णांची शुश्रूषा करण्याचे काम देतो म्हणून भेटला, तर त्याचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपास. १९८३ च्या स्थलांतर कायद्याखालच्या नियमांप्रमाणे परवानाधारक भरती एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरील कर यापेक्षा अधिक घेता येत नाही. दोन-तीन लाख मागणाऱ्या माणसाशी व्यवहार करू नकोस.

शेवटी, दवाखाना सोडण्यापूर्वी डॉक्टरसाहेबांकडून अनुभवाचे प्रमाणपत्र अवश्य घे, आणि ते चांगल्या शब्दांत, वेळ मागून घे. त्यांनी तुला तीन वर्षे काम शिकवले आहे, ते कृतज्ञतेने बोल. प्रमाणपत्रावर त्यांचा वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक, रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख आणि तू केलेली कामे स्पष्ट लिहिलेली असावीत: रुग्णांची नोंद ठेवणे, रक्तदाब व तापमान घेणे, ड्रेसिंग करणे, प्लास्टरच्या वेळी साहाय्य. एक्स-रे आणि इंजेक्शन त्यात लिहू नका असे तूच त्यांना सांग. नियुक्तीपत्र बहुधा नसल्यामुळे आणि पगार रोख असल्यामुळे तुझ्या तीन वर्षांचा तेवढा एकच पुरावा असेल. त्याच्या चार प्रती काढून मूळ प्रत आईच्या कपाटात, बांगड्यांच्या डब्यापाशी ठेव.